मैनेचा शाहीर : अण्णा भाऊ साठे

१७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करून लोक परततात, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी चौकात येऊन थांबते, तेव्हा सीमाभागातल्या सभेत एखादा म्हातारा गायक उठतो, कुणाच्या तरी हातातला डफ मागून घेतो आणि मैनेची छक्कड सुरू करतो. मागे बसलेल्या बायाबापड्याही ओठ हलवू लागतात. पुढाऱ्यांच्या भाषणात चुळबुळ करणारी पोरेही तेवढा वेळ गप्प होतात. आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. या एका गाण्याने सीमावासीयांच्या मनातली सल जितक्या सोप्या शब्दांत सांगितली, तितकी ती कोणत्याही ठरावात किंवा निवेदनात उतरलेली नाही.

पण ही छक्कड रचणारा शाहीर कोण होता, कुठल्या घरातून आला, त्याने काय सोसले, हे विचारले तर उत्तर देणारे थोडेच निघतात. अण्णा भाऊ साठे हे नाव सांगतात आणि तिथेच थांबतात. मराठीसाठी झगडणाऱ्या आपल्या मुलुखाने तरी या माणसाचे चरित्र नीट समजून घेतले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

वाटेगाव ते मुंबई

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात. मांग समाजाला इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवून टाकले होते. गावात कुठेही चोरी झाली की पहिला संशय या वस्तीवर. हजेरीचा जाच वेगळाच. वडील पोटासाठी मुंबईत मजुरी करीत आणि मुले गावी आईजवळ वाढत.

तुकारामाला शाळेत घातले खरे, पण शाळेतला त्याचा मुक्काम दीड दिवसाचा ठरला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जातीचा तिरस्कार आणि मास्तरांचा मार यांमुळे पोराने पाटीला रामराम ठोकला. म्हणजे पुढे ज्याने मराठीत तीसेक कादंबऱ्या, कथांचे ढीगभर संग्रह, पोवाडे, लावण्या, छकडी आणि वग लिहिले, त्याला मराठीची शाळा लाभली ती दीड दिवस! त्याची खरी शाळा दुसरीकडे होती. वस्तीतल्या हलगीवर, जत्रेतल्या तमाशाच्या फडात, जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या ओव्यांत आणि रात्री शेकोटीजवळ सांगितल्या जाणाऱ्या बंडखोरांच्या गोष्टींत.

१९३१-३२ च्या सुमारास साठे कुटुंबाने गाव सोडले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेगावहून मुंबईपर्यंतची दोनेकशे मैलांची वाट या कुटुंबाने पायी तुडवली, वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल ते खात. मुंबईत भायखळ्याच्या चाळीत आसरा मिळाला. पोराने कोळसे वेचले, हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे गाठोडे वाहिले, पुढे गिरणीतही राबला. दुकानांवरच्या पाट्या आणि सिनेमाची रंगीत पोस्टरे वाचता वाचता त्याला अक्षरे लागली, असे सांगतात. मुंबईने त्याला आणखी एक गोष्ट दाखवली. कामगारांचे मोर्चे, लाल बावट्याच्या सभा आणि रस्त्यावर उभे राहून हजारोंना बांधून ठेवणारी भाषणे.

मधल्या काळात तो गावी परतला. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. त्यात तो रमला. ढोलकी, तुणतुणे, हार्मोनियम अशा वाद्यांवर हात बसला आणि गळाही तापला. बेचाळीसच्या चळवळीत सातारा भाग पेटला तेव्हा हा तरुणही त्यात होता. पुन्हा मुंबई गाठली ती कायमचीच.

येथे आम्हांला एक योगायोग सांगावासा वाटतो. तमाशासम्राट पठ्ठे बापूराव हेही याच वाळवा तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे. १८६६ साली कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेला हा ब्राह्मण कवी लावणीच्या वेडापायी कुळाचार सोडून फडावर गेला. त्याच तालुक्यातल्या मांगवाड्यातून अर्ध्या शतकानंतर अण्णा भाऊ निघाले. दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. बापूरावांच्या लावणीत मुंबईची नवलाई आहे. अण्णा भाऊंच्या लावणीत त्या नवलाईच्या पायाशी घाम गाळणारी, झोपडीत झोपणारी मुंबई आहे. ढोलकी एकच, लावणीही एकच. पाहणाऱ्याची जागा बदलली आणि गाणे बदलले.

लाल बावट्याचे दिवस

माटुंग्याच्या लेबर कँपात राहत असताना तिथल्या डासांवर रचलेले गाणे ही त्यांची पहिली रचना, असे म्हणतात. हसण्यासारखी बाब वाटेल. पण विचार करावा. ज्या वस्तीत गटारे तुंबलेली, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, तिथल्या माणसाला गाणे सुचले ते कुणा राजाच्या स्तुतीचे नव्हे, आपल्याच त्रासाचे. पुढची सगळी शाहिरी याच वाटेने गेली.

दुसरे महायुद्ध चालू असताना त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि त्यांचे नाव झाले. वाटेगावच्या पोराने व्होल्गा नदीकाठच्या लढाईचे वर्णन करावे आणि गिरणगावातल्या कामगारांनी ते सिंहगडाच्या लढाईसारखे ऐकावे, ही किमया मराठी पोवाड्याची. सुरुवात शाहीर करतो, डफावर थाप पडते, मागचे झीलकरी तीच ओळ उचलून धरतात, आणि श्रोता आपोआप गाण्याच्या बाजूने उभा राहतो. पोवाड्याचा हा साचा तीनशे वर्षांचा जुना. अण्णा भाऊंनी त्यात आजची लढाई ओतली. बंगालचा दुष्काळ, अमळनेरच्या गिरणी कामगारांवर झालेला गोळीबार, पंजाब-दिल्लीची दंगल, तेलंगणाचा लढा या सगळ्यांवर त्यांच्या रचना आहेत. ज्या काळात खेड्यात वर्तमानपत्र पोचत नव्हते आणि पोचले तरी वाचणारा नव्हता, त्या काळात हे पोवाडे म्हणजे गाणारी वर्तमानपत्रेच होती.

१९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले. शाहीर अमर शेख, शाहीर दत्ता गव्हाणकर आणि अण्णा भाऊ हे त्याचे तीन खांब. अमर शेख मूळचे बार्शीचे, नाव मेहबूब हुसेन पटेल. पहाडी आवाज म्हणजे काय हे त्यांना ऐकलेल्यांनीच सांगावे. एक मांग, एक मुसलमान आणि त्यांच्या जोडीला गव्हाणकर अशी ही तिघे महाराष्ट्रभर मराठी गात फिरली. मराठी भाषा कुणाची, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर आम्हांला माहीत नाही.

या मंडळींच्या पाठीशी कोणी नाटकमंडळी नव्हती, राजदरबार नव्हता, ग्रामोफोन कंपनी नव्हती. मैदान हेच थिएटर. खाटा आणि बाकडी जोडून केलेले व्यासपीठ, कंदील किंवा गॅसबत्ती, डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज आणि चार गळे. छापून निघायची ती लहान पुस्तके, सभेच्या जागीच विकली जाणारी. शाहीर कोणाच्या दावणीला बांधलेला नसला म्हणजे त्याला काय बोलता येते, हे या पथकाने दाखवून दिले. पक्षाची शिस्त त्यांनी मानली, हे खरे. परंतु शब्द, चाल आणि विनोद हे सारे अण्णा भाऊंचे स्वतःचे होते. ते कुणाकडून उसने आणलेले नव्हते.

तमाशाचे लोकनाट्य

तमाशाचा क्रम आपल्याकडच्या जुन्या माणसांना पाठ आहे. आधी गण, मग गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी हा साचा ठेवला, पण आत मोठा बदल केला. गणात गणेशाऐवजी मायभूमीला, शिवरायांना आणि देशासाठी प्राण देणाऱ्यांना वंदन आले. कृष्ण आणि गवळणींची छेडछाड असलेली गौळण त्यांनी गाळली. मावशीच्या चावटपणाऐवजी सावकार, शेटजी, पुढारी आणि मंत्री यांची फिरकी आली. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘मुंबई कोणाची’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत.

राज्यकर्त्यांना हे रुचणारे नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही गदा आली. तमाशाला बंदी आहे ना, मग हे लोकनाट्य आहे, असा मार्ग निघाला. लोकनाट्य हा शब्द मराठीत रूढ झाला त्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा आहे. आज पांढरपेशे प्रेक्षक तिकीट काढून लोकनाट्य पाहतात, तेव्हा या शब्दामागे बंदी चुकवणारी शाहिरांची हुशारी आहे, हे कितीजणांच्या लक्षात असते?

मैना

आता मूळ विषयाकडे येऊ. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही मागणी आपल्या बेळगावशी जडलेली आहे. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि तेथेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे १९५३ साली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, १९५५ साली त्याचा अहवाल आला आणि मराठी माणसाची निराशा झाली. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच सगळीकडे वणवा पेटला. बेळगाव-निपाणीतही गोळीबार झाला, माणसे पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आले आणि बेळगाव, कारवारसह मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तोच आपला काळा दिवस.

या चळवळीत आचार्य अत्रे यांची लेखणी होती, एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे यांचे नेतृत्व होते, प्रबोधनकारांचा ठाकरी बाणा होता. पण रात्री मैदानावर लाखालाखाच्या सभा थोपवून धरायच्या त्या शाहिरांनी. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील अशा शाहिरांनी ही चळवळ गावोगावी नेली. मैनेची छक्कड याच काळातली.

छक्कड हा लावणीचाच एक प्रकार. चटपटीत चाल, ठसकेबाज शब्द, विषय बहुधा शृंगाराचा. अण्णा भाऊंनी सुरुवात तशीच केली. पोटासाठी मुंबईला आलेला एक गडी आहे. त्याची बायको गावी राहिली आहे. तिचे रूप, तिचा साधेपणा, निघताना तिचे डबडबलेले डोळे, दागिन्याची राहून गेलेली हौस हे सारे तो आठवतो. श्रोत्याला वाटते, ही विरहाची लावणी. आपल्या भागातूनही गिरणीत गेलेली माणसे कमी नाहीत. अशा घरांत ते दुःख सांगावे लागत नाही.

मग गाणे हळूहळू मुंबईत शिरते. तिथली श्रीमंती, तिथली भूक, रोजगारासाठी वणवण आणि मग रस्त्यावर उतरलेला महाराष्ट्र. अखेरीस शाहीर तो धागा ओढतो. जशी माझी मैना माझ्यापासून दूर राहिली, तशीच गत या खंडित महाराष्ट्राची झाली, असे तो सांगतो आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे घेतो. नवराबायकोची ताटातूट आणि मुलुखाची ताटातूट एक होऊन जाते. सीमाप्रश्न नकाशावरचा राहत नाही, तो घरातला होतो. ज्याला भाषावार प्रांतरचना या शब्दाचा अर्थ माहीत नाही, त्यालाही बायको गावाकडे राहिल्याचे दुःख कळते. शाहिराने त्या कळण्यावरच सारा भार टाकला.

या रचनेत एक गोष्ट विशेष आहे. तिच्यात कन्नड माणसाबद्दल द्वेषाचा शब्द नाही. असण्याचे कारणही नव्हते. अण्णा भाऊंचा राग होता तो सत्तेवर आणि पैशावर. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, म्हणजे कोर्टात, कचेरीत, शाळेत गरिबाला दुभाषी शोधावा लागू नये, एवढे साधे त्यामागचे तत्त्व. आपल्या शेजारच्या कन्नड मुलुखातही लावण्या आणि गीगी पदे गातात, त्यांच्याही हातात डफ असतो. जत्रेत दोन्ही भाषांची गाणी ऐकत आपण वाढलो. आपला लढा मराठीच्या हक्काचा आहे, शेजाऱ्याच्या भाषेशी वैर धरण्याचा नाही, हे ज्याला कळत नाही त्याने मैना नीट ऐकलेली नाही, असे आम्ही म्हणू.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मिळाली. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव-कारवार म्हैसुरातच राहिले. मुंबईत पेढे वाटले गेले आणि मैना मात्र गावावरच राहिली. महाजन आयोग १९६६ साली आला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. ८६५ गावांचा हा हिशेब आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पुढे शाहीर विठ्ठल उमपांनी ही छक्कड आपल्या आवाजात गायली आणि नव्या पिढ्यांपर्यंत नेली. दिल्ली-बंगळूर-मुंबईच्या फायली जुन्या होत गेल्या, गाणे जुने झाले नाही.

लेखणी आणि शेवट

शाहिरीबरोबर कथा-कादंबऱ्या चालूच होत्या. १९५८ सालच्या मार्च महिन्यात दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. १९५९ साली ‘फकिरा’ आली. वाटेगावच्याच मातीतला, दुष्काळात उपाशी माणसांसाठी इंग्रजांचे खजिने लुटणारा हा बंडखोर. ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्याच साली ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. त्यांच्या कथांवर मराठी चित्रपट निघाले.

पुस्तके खपली, चित्रपट चालले, पण पैसा लेखकाच्या हाती राहिला नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांचा मोठा काळ गेला. अखेरची वर्षे गोरेगावात, आजारपणात, एकाकीपणात आणि ओढगस्तीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. दीड महिना उलटत नाही तोच, २९ ऑगस्टला, अमर शेखही गेले. एका उन्हाळ्या-पावसाळ्यात मराठीचे दोन बुलंद आवाज थांबले.

मानसन्मान आले ते मागाहून. २००२ साली टपाल खात्याने तिकीट काढले. २०२० साली जन्मशताब्दी झाली. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्या पोराला गावच्या शाळेत दीड दिवसापलीकडे टिकू दिले नाही, त्याचा पुतळा मॉस्कोत उभा राहावा, यात अभिमान आहे तशी लाजही आहे.

आमच्या वाट्याचे काम

ती लाज आपलीही आहे. आम्ही स्वतःला वगळत नाही. सीमालढ्याच्या सभेत मैना गाताना आपल्याला अण्णा भाऊ हवे असतात. पण सभा आटोपली की वेशीबाहेरच्या ज्या वस्तीतून ते आले, त्या वस्तीची आठवण आपल्यापैकी कितीजणांना राहते? हलगीवाल्याला लग्नाच्या वरातीपुरते बोलवायचे आणि जेवायला बाजूला बसवायचे, आणि मराठी एकजुटीच्या गोष्टी करायच्या, हे दोन्ही एका तोंडाने चालायचे नाही. मराठी जगली ती अशा घरांनी. ग्रंथालये नव्हती तेव्हा शब्द त्यांच्या गळ्यात होते.

दुसरी गोष्ट आपल्या बोलीची. सीमाभागातल्या खेड्यांतली मराठी ऐकून शहरातले पाहुणे गालातल्या गालात हसतात. तिच्यात कानडी हेल आहे, कोकणीचे शब्द आहेत, म्हणून ती अशुद्ध, असे आपल्या पोरांनाही वाटू लागले आहे. अण्णा भाऊंनी आपली वाळव्याकडची बोली कधी झाकली नाही. त्याच बोलीत त्यांनी रशियाची लढाई गायली आणि महाराष्ट्राचे दुःखही. भाषेची लाज वाटू लागली की ती टिकवायला कोणतेही कोर्ट पुरे पडत नाही. घरात पोरगे मराठी बोलायला लाजले, तर कचेरीत मराठी कागद मिळूनही काय उपयोग?

म्हणून आमचे वाचकांना एकच सांगणे आहे. येत्या १ ऑगस्टला आपल्या गावात अण्णा भाऊंची जयंती करा, पण फोटोला हार घालून थांबू नका. गावात मैना येणारे, पोवाडे येणारे, जात्यावरच्या ओव्या येणारे एखादे तरी म्हातारे माणूस असेल. त्याला शाळेच्या पटांगणात बसवा. पोरांना समोर बसवा. मोबाईल आता घरोघरी आहे, त्यावर ते गाणे जसेच्या तसे, हेलासकट, उतरवून ठेवा. आणि ते माणूस वेशीबाहेरच्या वस्तीतले असेल, तर त्याला सन्मानाने बोलावणे धाडा. पानाला बरोबरीने बसवा.

दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो, जसा लागायचा तसा लागो. तो आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे तो डफ. त्यावरची थाप पुढच्या पिढीला ऐकू येईल एवढी तजवीज केली, तर वाटेगावच्या शाहिराचे ऋण थोडेतरी फिटेल.